शुक्रवारी मॅडम, रविवारी रोजानं

2018 च्या जुलैत आम्ही पाच मुली परंड्याजवळच्या एका गावात एसटीतून उतरलो. पाच पिशव्या, एक लहान गॅस शेगडी आणि सरपंचांच्या नावाचं कॉलेजचं पत्र, एवढंच सामान. बी.एस्सी. कृषीचं सातवं सत्र वर्गात नसतं, गावात असतं. कागदावर त्याचं नाव ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम, आम्ही सगळे त्याला ‘रावे’ म्हणतो. गावात मुलांना कृषीदूत म्हणतात, मुलींना कृषीकन्या.

पहिल्याच आठवड्यात मारुतीच्या देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढला. ओढा, रस्ते, शाळा, गावठाण असं सगळं रंगवून झाल्यावर एक आजी काठी टेकत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पोरींनो, आमची हीर कुठाय? हितं गाव पानी भरायचं.” विहीर बुजली होती, पण नकाशात तिला जागा हवी होती. आम्ही निळी रांगोळी आणून ती काढली. पुस्तकात नसलेलं असं कितीतरी त्या पाच महिन्यांत शिकले. म्हणून सुरुवातीलाच सांगते, रावे बंद करा असं मला कधीच म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते पैशांबद्दल.

प्रात्यक्षिक करायचं तर सामान लागतं. एक टक्का बोर्डो मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. आम्ही दहा लिटरच करायचो, तरी मोरचूद विकतच आणायचं. बीजप्रक्रियेला जिवाणू संवर्धकाची पाकिटं, ज्वारीच्या काणीसाठी गंधक, भिंतीला लावायचे तक्ते, फ्लेक्स, फोटोंच्या प्रती, शेवटी अहवालाचं बाइंडिंग. शिवाय खोलीचं भाडं, किराणा आणि परंड्याला जायचं-यायचं तिकीट. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने या काळासाठी दरमहा 3000 रुपये विद्यावेतन ठरवलेलं आहे, जास्तीत जास्त सहा महिने. घरून निघताना प्रत्येकीने तोच हिशोब मांडला होता. जुलै गेला, ऑगस्ट गेला. चौकशी केली की एकच उत्तर यायचं, “वरून आलं की जमा होईल.”

आमच्यातल्या चौघींची घरं कशीबशी निभावून नेणारी होती. पाचवीचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिने घरी फोन करून पैसे मागितले नाहीत. आधी संध्याकाळचं जेवण ‘भूक नाही’ म्हणून सोडायला लागली. ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी सकाळी खोलीत दिसली नाही. दुपारी कळलं, आळीतल्या बायकांबरोबर उडदाच्या शेंगा तोडायला रोजानं गेली होती. संध्याकाळी बोटं काळी झालेली आणि हातात दोनशे रुपये. त्यातून तिने आमच्या सामायिक किराण्याचा आपला वाटा टाकला. आम्ही कोणी काही बोललो नाही. तो गप्पपणा मला आजही बोचतो.

सप्टेंबरात त्याच शेतावर आमचं ज्वारीच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक ठरलं. वार शुक्रवार. समजावून सांगायची पाळी तिची. किलोला चार ग्रॅम गंधक, बियाणं कसं घोळायचं, सावलीत कसं सुकवायचं, सगळं तिने न अडखळता सांगितलं. समोर त्याच बायका बसल्या होत्या. त्यांतली एक मावशी पदर तोंडाला लावून मला हळूच म्हणाली, “मॅडम लई हुशार हाय बया. मग आमच्यासंगं रोजानं का येती?” मला उत्तर देता आलं नाही. शेतमालक मामांनी बियाणं घोळून घेतलं, पण म्हणाले, “पेरायला ओल कुठाय पोरी?” ते वर्षच तसं होतं. 31 ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

तेव्हा मी एक गणित मांडलं होतं. महिन्याला 3000 म्हणजे दिवसाला शंभर रुपये. त्याच वर्षी रोजगार हमीवरची मजुरी 203 रुपये होती. बरं, शिकणाऱ्याला मजुरापेक्षा कमी मिळावं, हेही मी मान्य करीन. पण तेव्हाच्या रोजगार हमीच्या कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत द्यायचं बंधन होतं, उशीर झाला तर भरपाईची तरतूद होती. ती नेहमी पाळली जायची असं नाही, पण मागायला कायद्याचा आधार तरी होता. आमच्या शंभर रुपयांना तसली कुठलीच मुदत नव्हती.

पैसे आले. सगळे एकदम आले, आठवं सत्र निम्मं उलटल्यावर. तोवर आम्ही गाव सोडून कॉलेजात परतलो होतो. रोजानं गेलेली माझी ती मैत्रीण त्याच आठवड्यात एसटीने परंड्याला आली, गावात जाऊन किराणा दुकानदाराच्या वहीतली स्वतःची उधारी फेडून गेली.

आज मी परंड्यात कृषी सेवा केंद्र चालवते. जुलै-ऑगस्टात नव्या तुकडीची मुलं दुकानात येतात. पाव किलो मोरचूद मागतात, मग आपसात कुजबुजून शंभर ग्रॅमवर येतात. त्यांच्याकडून मी नफा घेत नाही, पण तो काही उपाय नाही. ‘यजमान शेतकऱ्याकडे दोन घास मिळतातच की’, असं म्हणणारेही भेटतात. मिळतात, शेतकरी देतोच. पण 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीच्या महापुराने याच तालुक्यातल्या घरांत पाणी शिरलं, धान्य भिजलं. त्या घरांवर आपण विद्यार्थ्यांच्या जेवणाचा भार टाकायचा का?

आता प्रश्न कृषीच्या मुलांपुरता राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आलं आहे, चार क्रेडिट, म्हणजे 120 तास. माझ्या शेजारची मुलगी त्यासाठी रोज बार्शीला जात होती. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून तिचं निभावलं, तिच्या वर्गातल्या मुलांना पूर्ण तिकीट. विद्यावेतन कोणालाच नाही. 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये ठरले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण शिक्षण चालू असलेल्याला ती योजना लागू नाही. ज्याचं काम अभ्यासक्रमाने सक्तीचं केलं, त्याच्याच हाती काही नाही.

विद्यापीठांच्या अधिसभेवर आणि विद्यापरिषदेवर असलेल्यांना माझी विनंती आहे. ठरलेलं विद्यावेतन वाढवायचं तेव्हा वाढवा. पण पहिल्या महिन्याची रक्कम मुलं गावाला निघण्यापूर्वी खात्यात जमा करा आणि पुढची प्रत्येक महिना संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत.