आजीची सही

दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा आपल्या मुलांना फार लवकर पाठ होते. आईबापांचा मान राखावा, एवढेच तिचे सांगणे. पण मान राखणे म्हणजे नक्की काय, हे घरात तसा प्रसंग आल्याशिवाय कळत नाही. टॅम्पिनीसमधल्या एका बेने इस्राएल घरात घडलेला हा असाच एक प्रसंग.

टॅम्पिनीस हे सिंगापूरच्या पूर्वेकडचे मोठे उपनगर. टेंपिनिस नावाच्या टणक लाकडाच्या झाडावरून त्याचे नाव पडले. पूर्वी इथे शेते आणि वाळूच्या खाणी होत्या. पुढे सरकारने उंच इमारती बांधल्या आणि १९९२ साली या नगराला जागतिक अधिवास पुरस्कारही मिळाला. अशाच एका इमारतीत नवव्या मजल्यावर आजी मुलाकडे राहायला आल्या, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. त्याआधी त्यांचे सारे आयुष्य ठाण्यात गेले. १८७९ साली बांधलेली शाआर हशामाइम ही ठाण्याची मशीद त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आपली जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत, आजीही तसेच म्हणतात. आजोबा गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आता तू एकटी राहायचं नाहीस." आजींनी ठाण्याचे घर भाड्याने दिले, मलिद्याची मोठी परात शेजारणीला देऊन टाकली आणि त्या विमानात बसल्या.

मुलाच्या घरी आजींना खायला-प्यायला कमी नव्हते. स्वतंत्र खोली होती. शुक्रवारी संध्याकाळी सून दिवे लावी, मुलगा मनुकांच्या सरबतावर किद्दुश म्हणे. कोणी आवाज चढवत नसे. बाहेरच्या माणसाने पाहिले असते, तर आजी सुखात आहेत असेच म्हटले असते.

पण काही गोष्टी हळूहळू होत गेल्या. पहिल्याच आठवड्यात पासपोर्ट मुलाच्या कपाटात गेला, "हरवायला नको" म्हणून. ठाण्याच्या बँकेला मुलाचा मोबाइल नंबर दिला गेला, कारण आजींना ओटीपी वाचता येत नसे. आजोबांच्या मागे मिळणारी पेन्शन आणि घराचे भाडे त्याच खात्यात जमा होई. त्यातले किती शिल्लक आहे, हे आजींना दोन वर्षांत कळले नव्हते. एकदा त्यांनी विचारले, तेव्हा मुलगा हसून म्हणाला, "तुला इथे पैसे लागतात कशाला?" त्यांचा डोळ्यांचा चष्माही बदलायचा राहिला होता. दर महिन्याला "पुढच्या महिन्यात बघू" होई.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक आहे. एकत्र केल्या तर मात्र दिसते, की स्वतःच्या पैशाचा हिशेब, स्वतःची कागदपत्रे आणि स्वतःची नजर, या तिन्हींवर आजींचा ताबा उरला नव्हता.

वृद्धांचा छळ म्हटले की आपल्याला मारहाण आठवते, घराबाहेर काढलेली म्हातारी आठवते. तसेही घडते. पण पैसे अडवणे, कागद आपल्याजवळ ठेवणे, औषध किंवा चष्मा टाळणे, माणसांशी बोलू न देणे, त्यांच्याबद्दलचे निर्णय त्यांना न विचारता घेणे, हेही त्यातच मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीच्या पुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो. तो करणारा बहुतेक वेळा घरचाच असतो, म्हणून तो सांगितला जात नाही. १५ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी याच विषयासाठी राखून ठेवला आहे.

सप्टेंबरमध्ये ठाण्याहून एक मसुदा आला. मुलाने तो छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला. "डिसेंबरच्या सुट्टीत आपण ठाण्याला जाऊ. घराच्या कागदांचं काम आहे, रजिस्ट्रारकडे तुझी सही लागेल," तो म्हणाला. आजी "बरं" म्हणाल्या. अक्षर बारीक होते आणि चष्मा जुना.

त्यांची नात अकरा वर्षांची. ती नुकतीच मराठी वाचायला शिकू लागली होती आणि दिसेल ते मराठी अक्षर लावून पाही. त्या संध्याकाळी तिने तो कागद उचलला आणि बोट ठेवून वाचू लागली. "ब... क्षी... स... पत्र. आजी, बक्षीस म्हणजे प्राइझ ना? तू कोणाला प्राइझ देणार आहेस?"

आजींनी भाजी निवडायची थांबवली. "पुढे वाच," त्या म्हणाल्या.

नात अडखळत वाचत गेली. आजींचे नाव, ठाण्याच्या घराचा पत्ता, मुलाचे नाव. सदर मिळकत लिहून देणार यांनी प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता... पुढचे शब्द तिला जमेनात. आजींना त्यांची गरज नव्हती. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला "बक्षीसपत्र" या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

मुलांनी इथे तीन शब्द नीट शिकून ठेवावेत. कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणे. मालकी आपलीच राहते, पण अधिकार मोठा असेल तर तो माणूस आपले घर विकूही शकतो. मृत्युपत्र म्हणजे आपल्या मागे काय कोणाला मिळावे ते लिहून ठेवणे. ते आपण जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्र मात्र आजच देऊन टाकणे आहे. दोन साक्षीदारांसमोर सही झाली, नोंदणी झाली, घेणाऱ्याने स्वीकारले, की मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. महाराष्ट्रात राहते घर मुलाला बक्षीस द्यायला २०१५ पासून मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. इतर आकार वेगळे. त्यामुळे हा मार्ग स्वस्त आणि सोपा झाला. तो सोपा आहे म्हणूनच जपून जायला हवे.

त्या रात्री आजींना झोप लागली नाही. मुलगा वाईट नव्हता. त्याला मोठे घर घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे कमी पडत होते, हे त्यांना ठाऊक होते. तो उघड म्हणाला असता, "आई, मला मदत कर," तर त्यांनी नाही म्हटले नसते. तो म्हणाला होता, कागदांचं काम आहे. हे त्यांना जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी त्या खाली व्हॉइड डेकवर जाऊन बसल्या. तिथे सकाळी म्हाताऱ्या बायका जमतात. सातव्या मजल्यावरची मलय शेजारीण त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. दोघींची भाषा म्हणजे थोडे इंग्रजी, थोडे हातवारे. तिने आपली हकीगत सांगितली. सिंगापुरात स्मृती किंवा समज गेली तर आपले व्यवहार कोणी पाहावेत हे आधीच लिहून ठेवता येते. त्याला लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी म्हणतात आणि २०१० पासून ती सोय आहे. कागदावर सही होण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टर किंवा वकील खात्री करून घेतो, की या माणसाला सगळे समजले आहे आणि त्याच्यावर कोणाचा दबाव नाही. "डॉक्टरने माझ्या मुलाला बाहेर बसवलं," शेजारीण म्हणाली. "मग मला विचारलं, तुला खरंच हे हवं आहे का?"

आजी बराच वेळ त्या एका वाक्याचा विचार करत राहिल्या. त्यांना हे कोणी विचारले नव्हते.

सिंगापुरात वृद्धांसाठी कायदे आहेत. नामनियुक्त खासदार वॉल्टर वून यांनी मांडलेले विधेयक १९९५ साली संमत झाले. त्यानुसार साठ वर्षांवरचे, स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आणि सिंगापूरलाच कायमचे घर मानून इथे राहणारे आईबाप मुलांकडून पोटगी मागू शकतात. आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग न्यायाधिकरण. ज्या आईबापांनी लहानपणी मुलांना छळले किंवा टाकले, त्यांच्याबाबत २०२३ साली दुरुस्ती झाली. त्यांना अर्जाआधी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे कायदा मुलांची बाजूही पाहतो. शिवाय शारीरिक किंवा मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचे रक्षण न करता येणाऱ्या माणसांसाठी २०१८ चा कायदा आहे. कोणीही १८०० ७७७ ०००० या क्रमांकावर फोन करून अशा छळाची माहिती देऊ शकतो.

आजी इथे पासवर राहणाऱ्या आणि घर ठाण्यात, म्हणून त्यांना जवळचा होता तो भारताचा २००७ चा कायदा. साठीच्या पुढच्या आईबापांना त्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने दाद मागता येते. त्यातले तेविसावे कलम प्रत्येक घरात माहीत हवे. "माझा सांभाळ करशील" या अटीवर घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण ती अट कागदात लिहिलेली असावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अटीवर बोट ठेवले. २०२५ च्या एका निकालात न्यायालयाने वृद्धांच्या बाजूने उदार अर्थ लावला खरा, तरी लिहिलेली अट ती लिहिलेली अट. नातीने वाचलेल्या मसुद्यात सांभाळाचा एक शब्दही नव्हता. भारतात सल्ल्यासाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

आपल्या शास्त्र्यांनी हे सारे फार पूर्वी ओळखले होते. तल्मुदाच्या बाबा मेसिया या भागात सांगितले आहे, की काही माणसे आक्रोश करतात पण त्यांचे ऐकले जात नाही. त्यांतला एक म्हणजे आपल्यावर आपणच धनी आणून बसवणारा. हा कोण, असे विचारल्यावर एक उत्तर येते: जिवंतपणी सगळी मिळकत मुलांच्या नावे करणारा. किद्दुशीन या भागात चर्चा आहे, की आईबापांना खाऊ घालायचे ते कोणाच्या पैशाने. निर्णय असा, की त्यांच्याकडे असेल तर त्यांच्याच पैशाने, आणि नसेल तर मुलाने स्वतःच्या पैशाने. म्हणजे आईबापांचा पैसा हा आईबापांचाच, हे धरूनच चर्चा चालते. तिथेच हेही आहे, की एखादा मुलगा बापाला पक्वान्न वाढूनही दोषी ठरतो आणि दुसरा बापाला जात्यावर बसवूनही पुण्यवान ठरतो. कसे वागवले, त्यावर सारे अवलंबून. मराठीत आपली आजी-पणजी एवढेच म्हणायची, हात ओला तर मैतर भला.

शुक्रवारी किद्दुश झाला, जेवणे झाली. आजी मुलाला म्हणाल्या, "तो कागद मी ऐकला. मी त्यावर सही करणार नाही."

मुलगा गोरामोरा झाला. "आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे. म्हणून तर तू मला वाचून दाखवशील असं वाटलं होतं."

सुनेने मान खाली घातली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आई, तुमचं बरोबर आहे. मी विचारायला हवं होतं."

आजींनी पुढे सांगितले, की घर त्यांच्याच नावावर राहील. त्यांच्यामागे ते मुलाला जाईल, तसे मृत्युपत्र त्या करतील. भाड्यातून त्याला दरमहा काही मदत देतील, पण ती त्या स्वतःच्या हाताने देतील. आणि पासपोर्ट, बँकेचे पुस्तक आणि नवा चष्मा या तीन गोष्टी त्यांना हव्या आहेत.

त्यानंतर मुलगा दोन आठवडे त्यांच्याशी धड बोलला नाही. हा काळ आजींना जड गेला. परक्या देशात, मुलाच्या छपराखाली, मुलाचा अबोला सोसणे सोपे नसते. त्या दोनदा खचल्या, सही करून टाकावी असेही त्यांच्या मनात आले. सुनेने चष्मा करून आणला. नात रोज संध्याकाळी जवळ येऊन वाचत बसे. मग एका सकाळी उठल्यावर पासपोर्ट आणि बँकेचे पुस्तक त्यांच्या उशाशी होते. मुलगा कामावर निघून गेला होता.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्यासाठी मुलगा स्वतः रजा घेऊन त्यांना ग्रेंज रोडवरच्या भारतीय उच्चायुक्तालयात घेऊन गेला. परत येताना ट्रेनमध्ये तो म्हणाला, "आई, खात्यातले थोडे पैसे मी वापरले आहेत. लिहून ठेवलंय. परत करीन." आजी म्हणाल्या, "लिहिलंस ना, मग दाखव." त्याने फोनमध्ये हिशेब दाखवला. त्यांनी नव्या चष्म्यातून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

डिसेंबरमध्ये ते ठाण्याला गेले. वकिलाने मृत्युपत्र लिहिले आणि सही करायला पुढे केले. आजींनी पेन खाली ठेवले आणि ते सबंध वाचून दाखवायला सांगितले. वकील सुरू करणार, तोच नात म्हणाली, "मी वाचू?" सगळे थांबले. तिला अर्धा तास लागला. पाच ठिकाणी ती अडली आणि पाचही ठिकाणी तिच्या बाबांनी तिला शब्द सांगितला. मग दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने आजींनी सही केली.