हजेरीची वही

फाईलमधल्या त्या मसुद्यात माझं नाव चौथ्या ओळीत टाईप केलेलं होतं. त्यावर निळ्या शाईची आडवी रेघ आणि वर पेनाने लिहिलेलं दुसऱ्याचं नाव. घरफोडी उघडकीस आणल्याबद्दल बक्षिसाचा प्रस्ताव होता तो. त्या गुन्ह्यामागे मी तीन आठवडे हडपसरपासून दौंडपर्यंत भंगारवाले आणि सराफ पालथे घातले होते. ज्यांचं नाव वर आलं, ते तेव्हा साहेबांच्या गाडीबरोबर असायचे.

पुणे शहरातलं ठाणं कुठलं, साहेब कोण, हे सांगत नाही. ती माणसं निवृत्त झाली, मीही झालो. मी ठाण्याच्या रायटरला, म्हणजे लेखनिकाला विचारलं, तर त्याने मान वर न करताच सांगितलं, "दादा, पुढच्या वेळी बघू." ऑर्डली रूमला, म्हणजे वरिष्ठांपुढे तक्रार मांडायला, उभं राहून बोलता आलं असतं. पण माझा गोपनीय अहवाल साहेबांच्याच सहीने जाणार होता. घरी दोन लहान मुलं होती. गप्प बसलो, ते आजही सलतं.

बक्षिसाची रक्कम किरकोळ असते. पण ते सर्व्हिस शीटवर चढतं, आणि बढतीच्या वेळी समितीसमोर माणूस नसतो, कागद असतो. त्या कागदावर काय येणार हे कैक वर्षं आधी ठाण्यातच ठरतं. रोज संध्याकाळी हजेरी मास्तर उद्याच्या ड्यूट्या वहीत लिहितो. मर्जीतला माणूस डीबीला, म्हणजे तपास पथकाला. बाकीचे कैदी पार्टीला. डीबीला गुन्हे मिळतात, गुन्ह्यांवर बक्षिसं मिळतात. कैदी पार्टीने येरवडा तुरुंगातून कैदी कोर्टात न्यायचा, तो आजारी पडला तर ससून रुग्णालयात त्याच्या खाटेशेजारी रात्र काढायची. तो पळाला तर आपण निलंबित. पळाला नाही, याचं बक्षीस कुणी देत नाही. विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रस्त्यावर चोवीस तासांहून जास्त उभं राहून पाय सुजायचे, बूट काढताना पायमोजा कातडीला चिकटलेला असायचा. त्याचीही नोंद कुठे होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांच्या बदल्या-बढत्यांसाठी आस्थापना मंडळं नेमायला सांगितलं. 2014 च्या दुरुस्तीने आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यातही ती आली. चांगलंच झालं. पण हजेरीच्या वहीतली ड्यूटीची ओळ कुठल्याच मंडळापुढे जात नाही. 2008 च्या देव दत्त खटल्यात गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद संबंधिताला कळवलीच पाहिजे, असं ठरलं. पुढे माझा अहवाल पहिल्यांदा माझ्या हातात आला. प्रतवारी 'ब'. खाली शेरा: 'कामात पुढाकार घेत नाही.' दौंडच्या सराफाचं दुकान डोळ्यांपुढे आलं. तो कागद मी बायकोला दाखवला नाही.

हवालदारकीच्या दोन याद्यांतून माझं नाव सुटलं. नाईक म्हणूनच वर्षं गेली. 2022 मध्ये शासनाने नाईक हे पदच रद्द केलं, शिपाई थेट हवालदार होऊ लागला. तरण्या पोरांसाठी मनापासून आनंद वाटला. माझ्याबरोबर भरती झालेला मित्र फौजदार होऊन निवृत्त झाला, खांद्यावर दोन तारे. मी उशिरा कसाबसा सहायक फौजदारापर्यंत पोचलो, माझ्या खांद्यावर एक. तो कष्टाळू होता, त्याच्याबद्दल मनात काही नाही.

शेवटची तीन वर्षं हजेरीची वही माझ्याकडे आली. मी मागच्या पानावर पट्टीने रेघा मारल्या: कैदी पार्टी, रात्रपाळी, कोर्ट, बंदोबस्त. प्रत्येकाच्या नावापुढे फुल्या. ते पान सगळ्यांसाठी उघडं ठेवायचो. एकदा माझ्याच तालुक्यातला पोरगा दाराशी घुटमळला. "काका, उद्या ससूनला दुसऱ्या कुणाला टाका ना, आपण गाववाले."

मी त्याच्यापुढे ते पान सरकवलं. महिन्यात त्याच्या नावापुढे एकच फुली होती, इतरांच्या तीन-तीन. त्याने बोटाने मोजल्या. मग म्हणाला, "किती वाजता हजर होऊ?"