मृत्युपत्र हा आपल्या चळवळीचा विषय नाही का?



हा लेख मी सहा महिने टाळत होतो. कारण यात ज्याच्यावर टीका करायची आहे, तो माणूस मीच आहे.

आमचे आप्पा मनमाडला रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. आज्याला अक्षरओळख नव्हती. वतनाच्या कागदापासून सावकाराच्या वहीपर्यंत सगळीकडे त्याचा अंगठा. म्हणून आप्पांना स्वतःच्या सहीचं भारी कौतुक. जयंतीच्या वर्गणीची पावती फाडताना ते देणाऱ्यासमोर पूर्ण नाव लिहायचे आणि खाली रेघ ओढायचे. मागे रांग लागायची, पोरं वैतागायची. ‘अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आपल्याला बाबासाहेब लागले, दोन मिनिटं थांबा,’ असं ऐकवायचे.

तीन वर्षांपूर्वी त्या सहीतली अक्षरं सुटायला लागली. आधी आडनाव अर्धं राहिलं, मग रेघ नावाच्या वरूनच जायला लागली. नाशिकच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. नोव्हेंबरमध्ये पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘सही जुळत नाही, अंगठा घ्या.’ तो नियमानेच बोलत होता. पण आप्पांचं बोट पॅडवर टेकवताना मला पहिल्यांदा कळलं की या घरात कुणीच, कधीच, काहीच लिहून ठेवलेलं नाही.

घर आप्पांच्या नावावर आहे. प्लॉट 1994 साली घेतला, पुढे फंडाच्या पैशातून वर बांधकाम केलं. मागची खोली ताईची, असं आप्पा वीस वर्षं सगळ्यांसमोर सांगत आले. आम्हा दोघा भावांची शिक्षणं व्हावीत म्हणून ताईने दहावीनंतर शाळा सोडली होती. दाजी गेल्यावर ती परत आली आणि आज आप्पांचं न्हाणं, जेवण, रात्री दार उघडून निघाले तर मागे धावणं, सगळं तीच करते. पण आप्पांचं बोलणं कागदावर कधीच आलं नाही. विहार समितीचं इतिवृत्त ओळ न् ओळ लिहिणारा माणूस, घराचं मात्र तोंडी.

दादाला मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज हवं होतं आणि त्यासाठी घर तारण ठेवायचं होतं. ओळखीच्या एका एजंटाने उपाय सांगितला. मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करा, राहत्या घराला मुद्रांक शुल्क दोनशेच रुपये. आजारी माणूस असेल तर नोंदणीला अधिकारी घरी येतो. डॉक्टरचं सर्टिफिकेट मी बघतो. दादा म्हणाला, अर्धं घर नंतर तुझ्या नावावर करून देतो. ताईचं नाव त्या बोलण्यात कुठेच नव्हतं. मी समाजशास्त्रात एमए केलेला, वस्त्यांमधून महिलांच्या हक्कांची शिबिरं घेणारा. मी हो म्हणालो.

एजंट टाईप केलेले कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला तेव्हा ताई आत चहा ठेवत होती. आप्पांचा हात मीच धरला होता. त्यांनी पॅडकडे पाहिलं आणि हात मागे ओढला. म्हणाले, ‘मला सही येते.’ मग पेन मागितलं. पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघा ओढत बसले.

मी कागद गोळा केले आणि एजंटाला चहा न देताच वाटेला लावलं. यात मोठेपणा काही नाही. आप्पांनी हात मागे ओढला नसता, तर अंगठा उमटला असता आणि आज मी हा लेख लिहीत नसतो.

दुसऱ्या दिवशी एका वकील ताईंकडे गेलो. दादाच्या खिशात अजून एक पत्ता होता. आप्पा ठणठणीत असताना, 2019 मध्ये, त्यांनी त्याला कुलमुखत्यारपत्र दिलं होतं. आम्हाला वाटायचं की ते अशाच दिवसांसाठी असतं. वकील ताईंनी सांगितलेलं ऐकून दोघेही गप्प झालो. करार कायदा 1872 चं कलम 201 सांगतं की देणारा मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की ते अधिकार संपतात. म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची गरज पडते, त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. आणि आप्पांनी आता केलेलं बक्षीसपत्र कोर्टात उभं राहणार नाही, कारण कागद समजून घेण्याइतकी शुद्ध ही पहिली अट आहे.

मग अशा माणसाच्या मिळकतीचा कारभार कुणी पाहायचा? 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांपुरता आहे. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचा हक्क तो देतो. घरादाराचा, जमिनीचा कारभार त्यात येत नाही. त्यासाठी कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतल्या एका माणसाच्या पत्नीला असं पालक नेमलं होतं. म्हणजे वाट आहे, पण ती उच्च न्यायालयाच्या दारातून जाते. नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराच्या बायकोने ती कशी चालायची, हे मला कुणी सांगावं.

आप्पांच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर आई, दादा, ताई आणि मी, चौघांना समान हिस्सा. इथे तरुण मित्र हमखास विचारतात की आपण बौद्ध, मग हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्याला कसा? 1956 च्या त्या कायद्याचं कलम 2 बौद्धांनाही त्यात धरतं. बौद्धांसाठी वेगळा कायदा हवा ही मागणी मला रास्त वाटते, मोर्चात मीही असतो. पण तो येईपर्यंत ताईचा चौथा हिस्सा याच कायद्यातून येतो, आणि मुलीला मुलाइतका वाटा ही मांडणी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात केली होती. 27 सप्टेंबर 1951 च्या राजीनाम्यावर आपण भाषणं ठोकतो आणि बाप गेला की दिवसकार्य उरकायच्या आत बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवतो. ‘ताई, तुला कशाला कोर्टकचेरी, माहेर तुटेल.’ ही वाक्यं मी आपल्याच घरांतून ऐकली आहेत, निळ्या झेंड्याखाली बसून.

आता उलट बाजू. मृत्युपत्र ही काही पवित्र वस्तू नाही. स्वतःच्या हिश्श्याची मिळकत हवी त्याला द्यायची मुभा कायदा देतो, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क मिळाल्यापासून त्यांना बाजूला सारायलाही हाच कागद वापरला जातो. म्हणून मृत्युपत्र करा एवढं सांगून मला थांबता येत नाही. त्यात कुणाचं नाव आहे, हे विचारावंच लागतं.

करणं मात्र सोपं आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, तरी केलेली बरी. सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्या दोघांनीही आपल्यासमोर सह्या करायच्या. साक्षीदार वयाने लहान घ्यावेत, नाहीतर तेच आधी जातात. हे वकील ताईंनी हसत सांगितलं, पण खरं आहे. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. गावाकडे वतनाची जमीन असेल तर तिच्या हस्तांतरावर बंधनं असतात, तिच्याबद्दल लिहिण्याआधी कागद वकिलाला दाखवा. आमच्या सातबाऱ्यावर आज सतरा नावं आहेत, त्यातली नऊ माणसं हयात नाहीत. आणि बँकेत ‘वारस लावलाय’ म्हणून निश्चिंत राहू नका. नॉमिनी पैसे उचलतो, तो मालक होतोच असं नाही.

उपचारांबाबतची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे.

विहारात हा विषय काढला तर ज्येष्ठ मंडळी म्हणाली, मरणाच्या गोष्टी कशाला? अनित्यता रोज वंदनेत म्हणणारी आपण माणसं! एकाने तर विचारलं, आपल्याकडे आहे काय वाटायला? आहे ना. पहिल्या पिढीने उभं केलेलं घर आहे, पेन्शन आहे, पुस्तकं आहेत. बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखितं त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर कोर्टाच्या ताब्यातल्या पेट्यांत वर्षानुवर्षं पडून होती, आधी दिल्लीत, मग महाराष्ट्राच्या महाप्रशासकाकडे. शासनाचा पहिला खंड निघायला 1979 उजाडलं, ‘रिडल्स’ यायला 1987. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातले जुने अंक, पत्रं, फोटो यांचं पुढे काय होणार, हे किती जणांनी लिहून ठेवलंय?

दादाने शेवटी पतसंस्थेतून कर्ज काढलं. व्याज जास्त आहे आणि त्याचा राग माझ्यावर आहे. त्या दिवशीची गोष्ट मी ताईला सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, ‘आप्पांना अंघोळ घालायची आहे, पाणी गार होईल.’ आमचं तिचं बोलणं अजून पहिल्यासारखं नाही. मी माझं मृत्युपत्र केलं. आप्पांच्या घरातून माझ्या वाट्याला जे काही येईल ते ताईला, असं त्यात लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘दादाकडून लिहून आण, मग बघू.’

गेल्या रविवारी विहारात पुन्हा बैठक लावली. अकरा जण आले. शेवटी मागे बसलेल्या एका आजीने विचारलं, ‘मला सही येत नाही. अंगठा चालंल का?’ चालतो, म्हणालो, काय लिहिलंय ते तुम्हाला समजलेलं असलं पाहिजे आणि दोन साक्षीदार पाहिजेत. तिने शेजारच्या दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मंग पुढच्या रविवारी कागद घिऊन ये. माझ्या दोन पोरी हायेत.’