मोटारीचे दार उघडताना

रविवार पेठेत आमच्या पेढीसमोर मोटारी उभ्या राहतात आणि त्यांना घासूनच सायकली जातात. गेल्या श्रावणात अशाच एका मोटारीचे दार अकस्मात उघडले आणि आमचे वृद्ध दिवाणजी सायकलसह त्यावर आदळले. खांद्याचे हाड मोडले. मागून टेम्पो येत नव्हता, एवढेच सुदैव. मोटारवाले गृहस्थ सज्जन. उपचारांचा खर्च त्यांनी आपण होऊन दिला. परंतु ‘सायकल दिसलीच नाही’ हे त्यांचे उत्तर मला पटले नाही. आरशात पाहिल्यावाचून ती दिसणार कशी?

नेदरलँड्समध्ये दारापासून लांबच्या हाताने दार उघडण्याची रीत आहे. ब्रिटनने २०२२ मध्ये ती आपल्या वाहतूक नियमावलीत घेतली. आपल्याप्रमाणेच तेथेही चालक उजवीकडे बसतो. त्याने डावा हात वापरावयाचा. त्यामुळे खांदा आपोआप वळतो आणि मागचा रस्ता नजरेस पडतो. डावीकडे बसलेल्याने अर्थातच उजवा हात वापरावा. मागे बसणाऱ्या मुलांनाही ही सवय सहज लागते. सायकलस्वाराने उभ्या मोटारीपासून दारभर अंतर राखावे हे खरेच. पण आमच्या पेठेत तेवढा रस्ता उरतो कोठे?