सूर्यास्तापूर्वीचा मुक्काम

जयसिंगपूरच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापारी कुटुंबात दिवाळीच्या पाडव्याला, नव्या वह्यांचे पूजन आटोपल्यावर, श्रवणबेळगोळच्या यात्रेचा विषय निघाला. घरातील आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाच्या वेळी आजोबा अंथरुणाला खिळलेले असल्याने जाणे राहून गेले होते. महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी होतो. तोवर गुडघे साथ देतील याचा आजींना भरवसा नव्हता.

दुसरी अडचण व्रताची होती. आजींना रात्रिभोजनाचा त्याग आहे. पूर्वी एका सहलीत बस जेवणासाठी रोज दिवेलागणीनंतरच थांबे. आजींनी तीन रात्री उपाशी काढल्या आणि त्याची वाच्यताही केली नाही. भाड्याची मोटार सांगावी, तर तिथेही थांबण्याची वेळ ठरणार दुसऱ्याच्या सोयीने. म्हणून थोरल्या बंधूंनी ठरविले, की दोन लाखांच्या आत एखादी जुनी व्हॅन घ्यावी, यात्रा करावी आणि परतल्यावर ती विकून टाकावी.

प्रथम पाहिली ती ओम्नी. १९८४ मध्ये रस्त्यावर आलेल्या या व्हॅनचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्यामुळे बाजारात मिळते ती जुनीच. किंमत नव्वद हजार, रंग नवा, आसने नवी. परंतु नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा कायम होता. कर्ज केव्हाच फिटले, असे विक्रेता सांगत होता. बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मात्र त्याच्यापाशी नव्हते. त्याशिवाय बोजा उतरत नाही. गॅसकिट बसविलेले होते, त्याचीही नोंद नव्हती. अशा गाडीला अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यावर पहिला आक्षेप तोच येणार. बंधूंनी हात जोडून निरोप घेतला.

दुसरी गाडी सांगलीच्या एका दूधव्यावसायिकाची होती: बारा वर्षांची, सात आसनांची, पेट्रोलवर चालणारी ईको. मालकाने न विचारताच सांगितले, “इंजिन चढाला तापतं. पाणी कुठंतरी किंचित झिरपतं, ते अजून सापडलेलं नाही. घाटात थांबत जावा.” या दोषापोटी एक लाख ऐंशी हजारांतून त्याने स्वतःच पंधरा हजार कमी केले. धाकट्या बंधूंना हे ऐकून धडकी भरली. थोरले मात्र निश्चिंत झाले. ज्ञात दोषाची तरतूद करता येते, हा त्यांचा दुकानातील अनुभव होता. मेकॅनिकने चासी आणि इंजिनाचे क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहिले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, विमा चौदा दिवसांच्या मुदतीत नावावर झाला. दोन टायर, ब्रेक, बॅटरी आणि रेडिएटरची सफाई यांवर एकोणीस हजार, विमा व हस्तांतरणास अकरा हजार. एकूण एक लाख पंच्याण्णव हजार.

जानेवारीत सहा माणसे निघाली. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे आणि पाणी गाळण्याचे छन्ने. नातवाकडे एक वही दिली होती; तीत रोजच्या मुक्कामापुढे सूर्यास्ताची वेळ लिहिलेली. पाच वाजले, की असू तिथे थांबायचे, हा नियम.

पहिला मुक्काम हुबळीपुढील वरूरच्या नवग्रह तीर्थावर झाला. तेथील ६१ फुटी पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन मंडळी दुसऱ्या दिवशी श्रवणबेळगोळला पोहोचली. पहाटे विंध्यगिरीच्या पायथ्याशी डोलीवाले उभे होते. सहाशेहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी चढायच्या. आजींनी पहिल्या काही पायऱ्या हट्टाने स्वतः चढल्या आणि मग डोलीत बसल्या. चामुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेली ५७ फुटी मूर्ती समोर आली, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बराच वेळ केवळ उभ्या राहिल्या. मूर्तीच्या पायाशी मराठीतील प्राचीन शिलालेख आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाने त्यातील नागरी अक्षरे बोटाने हवेत गिरवीत ‘करवियले’ हा शब्द लावला आणि आजीला वाचून दाखविला. कन्नड मुलुखातील त्या डोंगरमाथ्यावर आपली भाषा भेटल्याचा आनंद दोघांच्याही चेहऱ्यावर होता.

पुढे हासन आणि सकलेशपूरवरून शिराडी घाट लागला. या गाडीचे इंजिन पुढच्या आसनाखाली असते. आसन भाजू लागले आणि तापमानाचा काटा वर सरकला. तासभर थांबणे भाग पडले. सव्वापाच वाजले होते. धाकटे बंधू अस्वस्थपणे गाडीभोवती फेऱ्या घालीत होते, आजींनी मात्र झाडाखाली सतरंजी अंथरावयास लावली, दशमी आणि दही वाढून घेतले आणि म्हणाल्या, “गाडीनं वेळेवर थांबवलं बघ.” सूर्य मावळला, तेव्हा सर्वांचे जेवण आटोपलेले होते.

धर्मस्थळची १९८२ साली प्रतिष्ठापित झालेली मूर्ती, वेणूरची १६०४ ची आणि कारकळची १४३२ ची अशा आणखी तीन बाहुबलींचे दर्शन झाले. मूडबिद्रीला सहस्रस्तंभ बसदीत दुपार गेली. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे याच गावाने शतकानुशतके सांभाळली. आठव्या दिवशी गाडी घरी आली. चौदाशे किलोमीटर झाले होते.

ठरल्याप्रमाणे गाडी विकावयास काढली. इचलकरंजीच्या एका ग्राहकाने एक लाख साठ हजार देऊ केले. त्याने इंजिनाविषयी काही विचारले नव्हते. धाकट्या बंधूंनी थोरल्यांकडे पाहिले. आजी आतून ऐकत होत्या. त्या बोलल्या नाहीत, पण बाहेर येऊन बसल्या. थोरल्यांनी घाटातील प्रसंग आणि झिरपणारे पाणी, सर्व सांगितले. सौदा एक लाख पंचेचाळीस हजारांवर आला.

रात्री हिशेब मांडला. गाडीपायी पन्नास हजार, पेट्रोल साडेदहा, पथकर साडेतीन, मुक्काम, भोजन व डोली बारा. एकूण शहात्तर हजार. भाड्याच्या गाडीने तीच यात्रा साडेएकसष्ट हजारांत झाली असती. स्वस्त म्हणून घेतलेली गाडी साडेचौदा हजारांनी महाग पडली होती. ते पंधरा हजार तोट्यात लिहावयाचे की धर्मादायात, असे धाकट्यांनी काहीशा नाराजीने विचारले.

“दोन्हीत नको,” थोरले म्हणाले. “घेताना तेवढेच आपल्याला कमी करून मिळाले होते. ती गाडीची किंमत आहे, आपलं दान नव्हे.”

नातवाने आपली वही पुढे केली. तीत खर्चाचा रकाना नव्हता. आठ तारखा, आठ सूर्यास्त आणि प्रत्येकापुढे आजींच्या जेवणाची खूण होती. आजींनी ती पाने दोनदा उलटून पाहिली आणि वही देवघरातल्या पोथ्यांशेजारी ठेवून दिली.