ती कुठे बघते आहे

तुलूज-लोत्रेकचे 'फर्नांदो सर्कशीतील अश्वारोहिणी' (१८८७-८८) हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मूळ चित्र मी पाहिलेले नाही. जुन्या कॅलेंडरातून कापलेली त्याची प्रत मात्र चिंचवडच्या आमच्या घरात कित्येक वर्षे भिंतीवर होती. इंप्रेशनिस्टांकडून आलेले जलद फटकारे, प्रेक्षकांना निम्म्यात कापणारी देगाच्या वळणाची चौकट, जपानी ठशांची आठवण देणारे सपाट रंग हे सारे मी वर्गात उत्साहाने सांगत असे. घोड्यावरच्या त्या बाईला मी 'मुक्त' म्हणत असे. (हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे.)

वडील भोसरीतल्या एका कारखान्यात लेथवर होते. एकदा रात्रपाळीहून आल्यावर चहा घेता घेता ते त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि रिंगणातल्या चाबूकवाल्याकडे बोट करून म्हणाले, "हा सुपरवायझर का रे?"

मी हसलो.

"ती घोड्याकडे बघतच नाहीये. याच्याकडे बघतेय. नजर कामावर पाहिजे. पण मागे कुणी उभं असलं की राहत नाही."

मग त्यांनी कप दुसऱ्या हातात घेतला. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ती कशी गेली, हे मी कधी विचारले नव्हते.

भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाड संस्थानच्या पागेत घोडे शिकवणारे. मुंबईत आलेली कियारिनीची सर्कस पाहून त्यांनी १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. त्यांची जिद्द मोठीच. पण आपण सांगतो ती गोष्ट चाबूक धरणाऱ्याची असते. त्यांच्या घोड्यांवर उभे राहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

लोत्रेकचे घराणे घोड्यांचे वेडे. किशोरवयात दोन्ही मांड्यांची हाडे मोडली, पायांची वाढ खुंटली आणि घोडेस्वारी त्याला कायमची दुरावली. म्हणून त्याने स्वतःलाच त्या घोड्यावर बसवले, असे मी पूर्वी सांगत असे. आता तेवढ्या खात्रीने सांगवत नाही. १८९९ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवले होते. आपण शुद्धीवर आहोत हे डॉक्टरांना पटावे म्हणून त्याने तिथे केवळ स्मरणाने सर्कशीची एकोणचाळीस चित्रे काढली. त्यांतही घोडे आहेत, कसरतपटू आहेत आणि चाबूकवाला आहे. बाके मात्र बहुतेक रिकामी आहेत.