‘ट’चे खिळे : जुलै १९०८

१ जुलै, बुधवार
पाऊस. खिळे दमट झालेत, बोटांना चिकटतात. फोरमननी परदेशच्या तारांचा कॉलम माझ्याकडे दिला. मोठ्या टायपाला मालकांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

४ जुलै
जर्मनीचे काउंट झेपेलिन आपल्या हवाई जहाजातून स्वित्झर्लंडवर बारा तास हिंडून आले. गृहस्थ सत्तरीला टेकलेत. नाव मी तीन तऱ्हांनी जुळवलं. फोरमन म्हणाले, एक काय ते ठरव.

९ जुलै, आषाढी
‘काळ’च्या परांजप्यांना १९ महिने. मालक गॅलीपाशी येऊन उभे राहिले. तीन विशेषणं काढायला लावली. जूनच्या नव्या कायद्यात छापखानाच जप्त होतो, त्याची धास्ती.
धाकटा परळहून फराळाला येणार होता. आला नाही. विजेचे दिवे आल्यापासून गिरणी सुटते कधी, काही नेम नाही.

१३ जुलै, सोमवार
हायकोर्टात टिळकांचा खटला उभा राहिला. ज्यूरीत सात गोरे, दोन पारशी. समोर न्यायमूर्ती दावर. सत्त्याण्णवच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी भांडणारे वकील हेच. या खेपेला जामीन त्यांनीच नाकारला.
लंडनला आज राजेसाहेबांच्या हस्ते ऑलिंपिक खेळ सुरू.

१४ जुलै
रात्री ‘ट’ संपला. टिळक, खटला, कोर्ट, बॅरिस्टर. शेवटी एक टॉनिकची जाहिरात फोडली.

१७ जुलै, शुक्रवार
विलायतेची टपाल आली. तिथल्या पत्रांत एक चमत्कारिक मजकूर. ३० जूनच्या रात्री लंडनचं आभाळ काळोखलंच नाही. मध्यरात्री बाहेर उभं राहून वाचता येत होतं म्हणे. कारण कोणालाच सांगता येईना. चार ओळी केल्या. मला त्या फार आवडल्या. कात्रण जवळ ठेवलंय, गावी गेलो की हिला दाखवीन.
टिळक स्वतःच बोलताहेत. अजून संपलेलं नाही.

१९ जुलै
डोळे चुरचुरतात.

२२ जुलै, बुधवार
रात्री दहा वाजून गेले होते. पोरगा भिजत धावत आला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड.
कोणी बोललं नाही. मालक म्हणाले, लहान टायपात घ्या.

२३ जुलै
आज टिळकांना ५२ पुरी झाली. रात्रीच गाडीत घालून अहमदाबादेकडे नेलं.
गिरण्या बंद पडताहेत. एका वर्षाला एक दिवस, असे सहा दिवस काम नाही म्हणतात.

२५ जुलै
धाकट्याचा पत्ता नाही. त्याच्या चाळीतला गाववाला भेटला. नाक्यावर गोरे सोजीर, दगड, गोळ्या. धाकट्याला परवा सकाळी पाहिलं होतं, एवढंच सांगतो.

२६ जुलै, रविवार
तुर्कस्तानची तार. सुलतान अब्दुल हमीदांनी १८७६ची राज्यघटना प्रजेला परत दिली. मालक खूष. मोठ्या टायपात घ्या, म्हणाले. महिन्यात पहिल्यांदा ती केस उघडली. ‘स्वातंत्र्य’ जुळवलं, ओळीच्या मधोमध.
परळच्या गोळीबाराला पाच ओळी दिल्या होत्या. पाचवी कापली.

२७ जुलै
लंडनची मोठी शर्यत. सव्वीस मैलांच्या वर. इटलीचा दोरांदो सर्वांच्या पुढे आला नि मैदानात आल्यावर कोसळला. उठला, पुन्हा पडला. लोकांनी आधार देऊन रेषेपार नेलं. आधार घेतला म्हणून बाद. राणीसाहेबांनी त्याला वेगळा पेला दिला.
परळला जाऊन आलो. खोलीला कुलूप.

२८ जुलै, दिव्याची अवस
सहावा दिवस.
समई घासली, एकट्यापुरती. नऊच्या सुमाराला दार वाजलं. धाकटा. पायाला फडकं, त्यावर सुकलेलं रक्त. घसरलो, म्हणाला. भाकरी होती ती सगळी खाल्ली.

२९ जुलै
त्याला वाचता येत नाही. आमचं काय छापलंत, म्हणून विचारलं. चार ओळी वाचून दाखवल्या.
“आणि हे वरचं मोठं?”
“ते तुर्कस्तानचं.”

३० जुलै
जुने फर्मे सोडले. ‘ट’चा खण पुन्हा भरला.

३१ जुलै
न्यूयॉर्कहून फेब्रुवारीत निघालेली अमेरिकन मोटार पॅरिसला पोचली. जर्मनांची मोटार चार दिवस आधीच येऊन उभी होती. तरी पहिला नंबर अमेरिकनांचाच. जर्मनांनी वाटेत काही पल्ला मोटार आगगाडीवर चढवून काढला, त्याचा दंड.
पायाचं फडकं बदलताना धाकट्याला सांगितलं. बराच वेळ गप्प होता.
“पंच कोण होते?” म्हणाला.